मुलीच्या मूत्राशयाच्या अस्तराचा अहवाल कसा वाचावा?

पत्र : माझी मुलगी सात वर्षांची आहे आणि दुसरीत शिकते. आम्ही देवगड तालुक्यात, किनाऱ्याजवळच्या गावात राहतो. गेल्या चौदा महिन्यांत तिला चार वेळा लघवीचा जंतुसंसर्ग झाला आणि त्यांपैकी एकदा थंडी वाजून तापही आला. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडे ठीक आहेत, फक्त लघवी केल्यानंतर 60 मिलिलिटर लघवी आत उरते असे लिहिले आहे. नळी घालून काढलेल्या एक्स-रेमध्ये लघवी वर मूत्रपिंडाकडे उलटी जात नाही असे दिसले. नंतर शहरातील डॉक्टरांनी दुर्बीण घालून मूत्राशयाच्या अस्तराचा लहानसा तुकडा तपासायला पाठवला. त्याच्या अहवालात ‘फॉलिक्युलर सिस्टायटिस, वरचा थर काही ठिकाणी गळालेला’ असे आले आहे. हा कर्करोगाकडे जाणारा प्रकार आहे, असे एका नातेवाइकांनी सांगितल्यापासून मला झोप नाही. तिचे अस्तर कायमचे खराब झाले का? सासूबाई म्हणतात, ही उन्हाळी आहे. ती समुद्रात फार डुंबते म्हणून तर हे होत नसेल? दोन वर्षे रोज रात्री एक गोळी द्यायला सांगितली आहे, ती द्यावी का? – एक आई

सप्रेम नमस्कार.

तुमच्या सर्वांत मोठ्या शंकेचे उत्तर आधी देतो, म्हणजे पुढचे तुम्हाला स्वस्थ मनाने वाचता येईल. फॉलिक्युलर सिस्टायटिस, म्हणजे मूत्राशयाच्या अस्तराचा एक प्रकारचा दाह, हा कर्करोग नाही आणि लहान मुलीत तो कर्करोगाकडे जाणारा टप्पाही नाही. वारंवार संसर्ग होणाऱ्या मुलींच्या मूत्राशयात तो बऱ्याचदा आढळतो आणि संसर्ग थांबल्यावर काही महिन्यांत आपोआप ओसरतो. तुम्ही पाठवलेल्या माहितीत मला खरोखर महत्त्वाची वाटली ती तुम्ही ‘फक्त’ म्हणून ओझरती लिहिलेली 60 मिलिलिटरची नोंद. तिच्याकडे मी येणारच आहे. पण त्या नोंदीला एवढे महत्त्व का, हे कळण्यासाठी मूत्राशयाचे अस्तर भिंगाखाली कसे दिसते ते आधी सांगावे लागेल.

पावसाळ्याच्या तोंडावर आपल्याकडे कौले परतण्याचे काम निघते, ते डोळ्यांसमोर आणा. खाली वासे आणि रिपा, त्यांवर एकमेकांत अडकवलेली कौले, आणि वरून धो धो पाऊस कोसळला तरी घरात थेंब नाही. मूत्राशयाचे अस्तरही असेच थराथरांनी रचलेले असते. सर्वांत खाली लहान, दाटीवाटीने बसलेल्या तळपेशी असतात, त्यांच्यावर मधल्या पेशींचे काही थर असतात आणि सर्वांत वर, जिथे प्रत्यक्ष लघवीचा स्पर्श होतो तिथे, मोठाल्या पसरट पेशींचे एकेरी छप्पर असते. एकेक पेशी खालच्या अनेक पेशींना झाकते, म्हणून त्यांना छत्रपेशी म्हणू. त्यांपैकी कित्येकींमध्ये एकाऐवजी दोन केंद्रके दिसतात. रिकाम्या मूत्राशयाचा छेद पाहिला तर पाच ते सात थर मोजता येतात आणि तेच मूत्राशय भरलेले असताना पाहिले तर दोन-तीनच दिसतात, कारण पेशी चपट्या होऊन एकमेकींवरून सरकतात. आकुंचन पावलेली छत्रपेशी सुमारे 25 मायक्रोमीटरची असते, तर ताणल्यावर ती 250 मायक्रोमीटरपर्यंत, म्हणजे मिलिमीटरच्या चौथ्या भागाएवढी पसरू शकते. शरीरातील इतर कोणत्याही अस्तराला एवढी ताणाताण रोज, दिवसातून सहा-सात वेळा सोसावी लागत नाही, आणि इतकी वर्षे पाहूनही या रचनेचे मला वाटणारे आश्चर्य कमी झालेले नाही.

या छत्रपेशींच्या वरच्या पृष्ठभागावर युरोप्लाकिन नावाची प्रथिने असतात. त्यांचे जेमतेम 16 नॅनोमीटरचे कण मधमाशांच्या पोळ्यासारख्या षटकोनी मांडणीत घट्ट बसून ताठ पट्ट्या तयार करतात आणि या पट्ट्यांनी छत्रपेशीचा बहुतेक पृष्ठभाग व्यापलेला असतो. शेजारशेजारच्या पेशींमधील सांधेही अगदी घट्ट असतात. रक्तातून गाळून टाकलेली टाकाऊ द्रव्ये पुन्हा रक्तात झिरपू नयेत, यासाठी ही सारी व्यवस्था आहे. मूत्राशय भरू लागले की छत्रपेशीच्या पोटात घडी घालून ठेवलेल्या पटलाच्या, म्हणजे पेशीच्या पातळ आवरणाच्या, पिशव्या वर येऊन पृष्ठभागाला जोडल्या जातात आणि छप्पर वाढते. मूत्राशय रिकामे झाले की तेच पटल पुन्हा आत ओढून घेतले जाते.

आता जंतूंचे. मुलांच्या मूत्रसंसर्गातील बहुसंख्य प्रसंगांत इश्चेरिशिया कोलाय, म्हणजे ई. कोलाय हाच जंतू सापडतो आणि तो बाहेरून कुठून आलेला नसतो, तर मुलीच्या स्वतःच्या आतड्यातला असतो. मुलींचा मूत्रमार्ग आखूड असल्यामुळे शौचाच्या जागेजवळून तो मूत्राशयापर्यंत सहज पोहोचतो. असा प्रवेश बहुतेक सर्व मुलींमध्ये अधूनमधून होत असणार. पण पुढच्या लघवीबरोबर जंतू वाहून जातात आणि कोणाला काही कळतही नाही. जे टिकतात त्यांच्या अंगावर अतिशय बारीक केसांसारखे तंतू असतात. पावसाळा संपताना सड्यावरून चालत आले की परकराच्या काठाला कुसळे चिकटतात आणि झटकून जात नाहीत, तसे या तंतूंच्या टोकाचे फिमएच नावाचे प्रथिन युरोप्लाकिनवरील मॅनोज साखरेला पकडून बसते. मग लघवीच्या धारेनेही तो जंतू सुटत नाही. शरीराकडे यावर पहिला उपाय आहे. मूत्रपिंडात तयार होणारे युरोमोड्युलिन हे प्रथिन तशाच साखरा अंगावर बाळगून लघवीतून वाहत असते, आणि पुष्कळ जंतू अस्तराऐवजी त्यालाच चिकटून बाहेर पडतात.

एवढ्यानेही भागले नाही, तर अस्तर दुसरा उपाय योजते आणि तुमच्या अहवालातील ‘वरचा थर काही ठिकाणी गळालेला’ या शब्दांचा अर्थ त्यातच आहे. जंतू चिकटलेली छत्रपेशी स्वतःला सोडवून घेते आणि जंतूंसकट लघवीतून निघून जाते. म्हणजे जी गोष्ट वाचून तुम्ही घाबरलात, ती अस्तराने स्वतःहून केलेली बचावाची कृती आहे. एरवी छत्रपेशी कित्येक महिने टिकतात. परंतु वरचा थर गळाला की खालच्या पेशी दोनेक दिवसांतच झपाट्याने विभागू लागतात आणि नवे छप्पर चढवतात, असे उंदरांवरील प्रयोगांत स्पष्ट दिसले आहे. तेव्हा अस्तर कायमचे गेले का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे.

मात्र या बचावाची एक बाजू आपल्या विरोधात जाते. छप्पर गळून पडले की काही काळ खालचे कोवळे थर उघडे राहतात. शिवाय काही जंतू त्याआधीच, पटल आत ओढले जात असताना, त्याच्याबरोबर पेशीच्या आत शिरलेले असतात. 2003 साली अमेरिकेत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांच्या छत्रपेशींमध्ये जंतूंचे असे दाट पुंजके दाखवून दिले, आणि पुढे संसर्ग झालेल्या मुलांच्या लघवीत गळून आलेल्या पेशींमध्येही ते आढळले. पेशीच्या आत बसलेल्या जंतूपर्यंत औषध पोहोचणे अवघड असते. म्हणून तिसऱ्या दिवशी जळजळ थांबली तरी डॉक्टरांनी लिहून दिलेले सर्व दिवस औषध द्यावे, आणि म्हणूनच एका संसर्गानंतरचे पुढचे काही महिने विशेष जपण्याचे असतात. तुमच्या मुलीचे संसर्ग एकामागोमाग आले. एक छप्पर नीट पक्के होण्याआधी दुसरा पाऊस आला, असे काहीसे झाले आहे.

राहिला ‘फॉलिक्युलर’ हा शब्द. पुन्हा पुन्हा जंतू येत राहिले की अस्तराच्या लगेच खाली लिम्फोसाइट या संरक्षक पेशी गोळा होतात आणि त्यांचे छोटे गोल पुंजके बनतात. दुर्बिणीतून ते साबुदाण्यासारखे उंचवटे दिसतात. घशातील टॉन्सिलमध्ये असतात तसलेच हे पुंजके आहेत. सतत सर्दी-खोकला होणाऱ्या मुलाचे टॉन्सिल सुजलेले दिसले म्हणून आपण कर्करोगाची शंका घेत नाही, तशी ती इथेही घेऊ नये. मूत्रपिंडे चांगली असलेल्या मुलीत केवळ वारंवार संसर्ग होतो एवढ्याच कारणाने दुर्बीण घालण्याची सहसा गरज पडत नाही. झाली ती तपासणी झाली. पण उंचवटे गेले का हे पाहण्यासाठी ती पुन्हा करण्याचा आग्रह मी धरणार नाही.

आता त्या 60 मिलिलिटरकडे येऊ. मुलाच्या वयाच्या वर्षांत एक मिळवून 30 ने गुणले की मूत्राशयात साधारण किती मिलिलिटर लघवी मावते याचा अंदाज येतो. सात वर्षांसाठी तो 240 येतो. म्हणजे तुमच्या मुलीच्या मूत्राशयाचा चौथा हिस्सा लघवी करून झाल्यावरही भरलेलाच राहतो. या वयात 20 मिलिलिटरपेक्षा जास्त शिल्लक राहणे डॉक्टर सामान्य मानत नाहीत. अस्तराची सर्व शक्ती जंतू धुऊन जाण्यावर अवलंबून आहे आणि तिच्या बाबतीत ते धुणेच अर्धवट राहते. उरलेल्या लघवीतले जंतू पुढच्या लघवीत विरजणासारखे काम करतात. एक सावधगिरी मात्र घेतली पाहिजे. सोनोग्राफीसाठी मुलांना भरपूर पाणी पाजून रांगेत बसवलेले असते, अनोळखी ठिकाणी घाईने लघवी करायला सांगितले जाते आणि मग आकडा उगीच मोठा येतो. म्हणून ही एकच नोंद अखेरची मानू नका. दोन-तीन महिन्यांनी, तिला नेहमीइतकीच लघवी लागलेली असताना आणि ती निवांतपणे करू दिल्यानंतर पुन्हा मोजून घ्या.

लघवी का उरते, याचे कारण बहुधा तुमच्या घरात आणि शाळेत सापडेल. पत्राच्या इथे न छापलेल्या भागात तुम्ही लिहिले आहे की शाळेतले स्वच्छतागृह तिला घाण वाटते म्हणून ती घरी येईपर्यंत थांबते, आणि घरचा संडास परसात असल्याने पावसाळ्यात रात्री एकटी जायला घाबरते. अशी मुले लघवी रोखण्याचे स्नायू आवळून धरायला शिकतात, आणि मग प्रत्यक्ष लघवी करतानाही ते स्नायू पूर्ण सैल सोडणे त्यांना जमत नाही. धार तुटत तुटत येते आणि पिशवी रिकामी होण्याआधीच मूल उठते. यावर औषध नाही, सराव आहे. उठल्याबरोबर, शाळेला निघण्यापूर्वी, शाळेत मधल्या सुट्टीत, घरी आल्यावर, खेळून आल्यावर आणि झोपण्यापूर्वी, लागलेली असो वा नसो, तिला पाठवा. दोन-अडीच तासांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका. चड्डी गुडघ्याखाली पूर्ण उतरवून, पाय फाकवून, घाई न करता बसू द्या. कमोड असेल तर तिचे पाय लोंबकळता कामा नयेत. पायांखाली एक पाट ठेवा. लघवी झाल्यावर तिने उठू नये, दोन-तीन मिनिटे तिथेच बसून पुन्हा प्रयत्न करावा. ही दुसऱ्यांदा येणारी लघवी पहिल्या आठवड्यात तुम्हालाच चकित करील इतकी असू शकते. रात्रीसाठी परसात दिवा लावा किंवा झोपण्यापूर्वी तुम्ही तिच्यासोबत जा; सापाकिरड्याची तिची भीती खोटी नाही, तेव्हा तिला भित्री म्हणू नका.

शाळेबाबत मुख्याध्यापकांना अवश्य भेटा. मुला-मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे असावीत, ही 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातील शाळांसाठीच्या निकषांपैकी एक अट आहे, आणि शाळा व्यवस्थापन समितीवर पालकच बहुसंख्य असतात. तिथे पाणी आणि कडी असावी एवढी मागणी करणे हा तुमचा अधिकार आहे. वर्गशिक्षिकांना डॉक्टरांची चिठ्ठी दिली तर तासाच्या मध्येही तिला जाऊ देतील.

तिला शौचाला साफ होते का, हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि मला तोच प्रश्न सर्वांत आधी विचारायचा आहे. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग मूत्राशयाच्या अगदी मागे असतो. तिथे कडक मळ साठला की तो मूत्राशयावर दाब देतो, ते पुरते रिकामे होऊ देत नाही, आणि शिवाय जंतूंचे आगर तिथेच तयार होते. 1997 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुनाट बद्धकोष्ठता असलेली 234 मुले पाहिली गेली. त्यांपैकी 11 टक्के मुलांना मूत्रसंसर्ग होता, आणि ज्यांच्या मूत्रमार्गाच्या रचनेत दोष नव्हता त्या सर्वांचे वारंवार होणारे संसर्ग केवळ पोट साफ राहू लागल्यावर थांबले. तुमच्या मुलीच्या रचनेत दोष नाही, म्हणून हा अभ्यास मला इथे मुद्दाम सांगावासा वाटतो. रोज शौचाला जाते एवढ्यावर समाधान मानू नका. खडे पडतात का, कुंथावे लागते का, चड्डीला डाग लागतात का, हे पाहा. तसे असेल तर मळ मऊ करणारे औषध काही महिने द्यावे लागते आणि ते डॉक्टरांच्या सल्ल्याने निर्धास्त द्यावे. आहारात नुसता भात आणि माशांची कढी न ठेवता कुळीथ, वाल, लाल माठ, शेवग्याचा पाला, पावसाळ्यात टाकळा, आणि पपई-केळी रोज काहीतरी असू द्या. पाणी दिवसभरात एक ते सव्वा लिटर, वैशाखात त्याहून अधिक.

सासूबाईंचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. उन्हाळ्यात पाणी कमी पडले की लघवी दाट आणि गडद होते व जळजळते. त्याला आपल्याकडे उन्हाळी लागली म्हणतात आणि धणे-जिऱ्याचे पाणी किंवा कोकम सरबत प्यायल्यावर ती थांबते, कारण पोटात पाणी जाते. परंतु पाणी पिऊन एका दिवसात न थांबणारी जळजळ, सारखी थेंब थेंब लघवी, गढूळपणा, ओटीपोटात दुखणे किंवा ताप यांपैकी काही असेल तर ती उन्हाळी समजून थांबू नये. समुद्राचा यात दोष नाही. तिला खुशाल डुंबू द्या, फक्त बाहेर आल्यावर गोड्या पाण्याने अंग धुऊन ओले कपडे लगेच बदला. जंतुनाशक द्रवाने किंवा साबणाने आतून धुणे मात्र बंद करा. त्याने नाजूक त्वचा चुरचुरते आणि मूल लघवी रोखू लागते. शौचानंतर हात पुढून मागे न्यावा, आणि रात्री खाज येत असेल तर जंतांचे औषध विचारून घ्यावे.

पत्रासोबत पाठवलेल्या लघवीच्या चार अहवालांपैकी एकात ‘मिश्र वाढ’ असे लिहिलेले आहे. तो बहुधा संसर्ग नव्हताच, तर नमुना घेताना बाहेरचे जंतू मिसळले होते. यापुढे नमुना औषधाचा पहिला डोस देण्यापूर्वी, जागा साध्या पाण्याने धुऊन आणि सुरुवातीची धार सोडून मधल्या धारेचा घ्यावा. तालुक्याच्या प्रयोगशाळेत पोहोचायला तासाहून अधिक लागणार असेल तर बाटली घट्ट बंद करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बर्फात न्यावी; जेट्टीवर बर्फाची वाण नसते, फक्त मासळीला न लागलेला स्वच्छ बर्फ घ्या. एकाच प्रकारच्या जंतूची दर मिलिलिटरला एक लाख किंवा अधिक वाढ आणि सोबत त्रास, असे दोन्ही असेल तरच तो संसर्ग धरावा. काहीच त्रास नसताना केवळ खात्री करायची म्हणून लघवी कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीला, पाठवू नका. नुसते जंतू सापडले म्हणून औषध दिले तर फायदा होत नाही.

संसर्ग टाळण्यासाठी सांगितलेल्या रोजच्या गोळीबद्दल माझे मत असे. मूत्रपिंडाकडे लघवी उलटी जाणाऱ्या 607 मुलांवर अमेरिकेत दोन वर्षे अशी गोळी देऊन अभ्यास झाला आणि 2014 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. संसर्ग सुमारे निम्म्याने कमी झाले, पण मूत्रपिंडावरील व्रणांत फरक पडला नाही, आणि नंतर झालेल्या संसर्गांत त्या औषधाला न जुमानणारे जंतू अधिक निघाले. तुमच्या मुलीला तो दोष नाही. तेव्हा, ‘आधी तीन-चार महिने पोट साफ ठेवणे आणि वेळेवर लघवी करणे एवढेच नीट करून पाहू का, आणि तोपर्यंत गोळी अल्पकाळच द्यावी का,’ असे तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा. गोळी सुरू झालेली असल्यास त्यांना न विचारता बंद करू नका. आणि थंडी वाजून ताप, उलट्या किंवा कमरेच्या वर एका बाजूला दुखणे सुरू झाले तर उद्याची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा. मूत्रपिंडापर्यंत पोहोचलेल्या संसर्गात उपचाराला जितका उशीर होतो तितका व्रणाचा धोका वाढतो.

आजपासून एक वही करा. तीत तिने किती वेळा लघवी केली, दुसऱ्यांदा बसल्यावर आली का, आणि शौचाला कशी झाली, एवढेच रोज लिहा. सात वर्षांची मुलगी रकान्यात खुणा स्वतः करू शकते आणि तिला ते आवडेलही. पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे दुर्बिणीचा अहवाल नंतर ठेवा, आधी ती वही ठेवा. पुन्हा केलेल्या सोनोग्राफीत किती लघवी उरली, ते मला जरूर कळवा.